गिझर गळतोय आणि कंपनी म्हणते, ‘पाणी खारं, वॉरंटी नाही’
आधी गळती कुठली ते बघा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणं नेहमीचंच; गिझर बंद असतानाही बुडातून तांबूस पाणी ठिबकलं तर बहुधा टाकी गेली. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरी-बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) भराभर झिजतो, मग गंज टाकीला धरतो. रॉडच्या आतली तार दिसली की रॉड बदलायचाच, पण कंपनीच्याच माणसाकडून. स्वतः उघडलात तर वॉरंटी नाकारायला आयतं निमित्त. वॉरंटी कार्डात टीडीएसची (पाण्यात विरघळलेल्या क्षारांची) मर्यादा असते, ती टीडीएस मीटरच्या आकड्याशी ताडून पाहा. नकार तोंडी घेऊ नका, जॉबशीटवर (मेकॅनिकच्या कामाच्या कागदावर) कारणासकट मागा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.