पाटाचं पाणी सरळ, तरी काडी फिरते

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सरांनी फळ्यावर प्रवाहाचे समांतर बाण काढले; जिथं जोर जास्त तिथं बाण लांब. मधले लांब, कडेचे आखूड. "कर्ल किती?" कर्ल म्हणजे त्या जागी सोडलेल्या वस्तूला प्रवाह किती गिरकी देतो, त्याचं माप. अख्खा वर्ग म्हणाला, शून्य. बाण सरळ आहेत, फिरणार काय? मग गणित करायला लावलं, तर उत्तर शून्य येईना.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. त्या रविवारी हरभऱ्याला पाणी सुटलं होतं. पऱ्हाटीच्या दोन काड्या सुतळीनं अधिकच्या चिन्हासारख्या बांधून मी पाटात सोडल्या. काठाजवळ त्या वाहता वाहता गिरक्या घेऊ लागल्या. मधल्या अंगाला पाण्याचा जोर जास्त, त्यामुळं तिकडचं टोक पुढं पळे अन् काठाकडचं मागं राही. दुसऱ्या काठाला गिरकी उलटी. ऐन मधोमध सोडल्या तर सरळ गेल्या. चिन्ह कुठं बदलतं, शून्य कुठं होतं, सगळं समोर होतं. धुऱ्यावरून बाबा ओरडले, "काय करून राह्यला रे? वाफा फुटला तिकडं!" फुटला होता खरा.

उलटी फसगत विजेच्या तारेपाशी होते. सरळ तारेभोवती चुंबकीय क्षेत्राचे बाण गोल, पण तारेच्या बाहेर कर्ल शून्य. क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतं, म्हणून बाण वळल्यानं जेवढी गिरकी मिळते तेवढीच उलटी गिरकी या घटण्यातून मिळते. इथं पट्टीचे टॉपरही चकतात.

डायव्हर्जन्सचंही तसंच, म्हणजे एखाद्या बिंदूतून किती नवीन बाहेर निघतं त्याचं माप. बिंदूप्रभाराच्या, म्हणजे एका ठिपक्यावर बसलेल्या विद्युतभाराच्या, क्षेत्राचे बाण चहूकडे पसरलेले दिसतात, म्हणून सगळीकडे डायव्हर्जन्स आहे असं वाटतं. अंतर दुप्पट केलं की बाण पाव होतो अन् गोलाचं क्षेत्रफळ चौपट. फ्लक्स, म्हणजे गोलातून एकूण बाहेर पडणारं, तेवढाच; वाटेत नवीन काही निघत नाही. डायव्हर्जन्स आहे ते फक्त प्रभार बसलाय तिथं.

बेल्जियममधल्या लुव्हेनच्या संशोधकांनी २०१५ साली विद्यार्थ्यांच्या याच अडचणींवर लिहिलंय: आकडेमोड जमते, अर्थ लावताना अडतं. म्हणजे हे आपल्या एसटीनं येणाऱ्या पोरांचंच दुखणं नाही.

जॅमची, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत असाल तर गॉस अन् स्टोक्सच्या प्रमेयांआधी हे करा. आकृती दिसली की त्या बिंदूवर मनातल्या मनात काडी सोडायची, चिन्हाचा अंदाज पेन्सिलीनं लिहायचा, मगच डेरिव्हेटिव्ह. तारेचं उदाहरण एकदा तरी एक्स-वाय निर्देशकांत सोडवा. माझं एक वजा चिन्ह सुटलं होतं, शून्य यायला अख्खी दुपार गेली.