तांबोशीच्या डोळ्यातलं भिंग

साराला माशाची टकली (डोकी) आणलीत, की एक डोळा आधी बाजूला काढा. मालवणच्या बाजारात मी मुद्दाम तांबोशी, हा मोठा लालसर मासाच घेतो. बांगड्याचा डोळा शाळेतल्या पोरांच्या हातात चुरगळतो. मासा ताजा हवा, गोठवलेला नको, भिंग गढूळ होतं.

डोळा बशीत धरून पुढचा पारदर्शक पडदा नव्या ब्लेडने अलगद चिरा. पाणी येईल. मग कडेने दाबा, वाटाण्याएवढी गोळी, म्हणजेच भिंग, टपकन बाहेर येते. (माझी पहिली थेट मोरीत गेली.) मिठाच्या पाण्यात बुचकळून पेपरच्या अक्षरांवर ठेवा. अक्षरं फुगतात.

आपलं भिंग चपटं, हे गोल का? हवेतला प्रकाश आपल्या डोळ्यात मुख्यतः पारपटलावरच, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्यावरच वळतो. पाण्यात ते जवळजवळ निकामी, म्हणून बुडी मारली की आपल्याला धूसर दिसतं. माशाचा सगळा भार भिंगावर. ते मध्ये दाट, कडेला विरळ असतं. अशा भिंगाचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५४ साली मांडलं. शिवाय मासा भिंग फुगवत नाही, मागेपुढे सरकवतो.

दुसरा डोळा सारात उकळू दे. त्यातली गोळी खडूसारखी पांढरी निघेल. उकडलेल्या अंड्याचं होतं तेच, प्रथिनं गोठली.