गावात वर्षानुवर्षं चालणारा हेल्थ सर्व्हे करायचाय? आधी माणसं सांभाळा

कॉलेजचे एनएसएसवाले असोत, महिला मंडळ असो नाहीतर एखादा उत्साही पंच, सगळ्यांच्या डोक्यात कधी ना कधी येतंच की गावात हेल्थ सर्व्हे करूया. करा की, छानच आहे. पण एकदाच फॉर्म भरून घेतलात तर आज कोणाला शुगर आहे एवढंच कळणार, त्याच्या आधी त्या माणसाचं काय चाललं होतं ते नाही. त्यासाठी त्याच माणसांकडे दर दोन-तीन वर्षांनी परत जावं लागतं, ह्याला लॉन्गिट्युडिनल स्टडी म्हणतात, आणि ज्यांच्यामागे लागायचं तो गट म्हणजे कोहोर्ट.

परत का जायचं ते बघा. समजा पेडण्यातल्या एका वाड्यावर पंचाहत्तरीच्या आणि पंचेचाळिशीच्या लोकांची स्मरणशक्तीची टेस्ट घेतली आणि म्हातारे मागे पडले, तर हे वयामुळे झालं का? पण आज पंचाहत्तरी ओलांडलेली माणसं १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा निदान दहा-बारा वर्षांची होती आणि गावोगाव सरकारी शाळा आल्या त्या नंतर, म्हणजे फरक वयाचा की शाळेचा हे एका फेरीत सांगताच येत नाही. तोच माणूस दहा वर्षांनी परत तपासला तरच त्याचं स्वतःचं किती घसरलं ते दिसतं.

हे फक्त इंग्लंड-अमेरिकेत चालतं असं समजू नका. पुण्याजवळच्या गावांत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने १९९३ ला बायकांची नोंद सुरू केली, पुढे त्यांची बाळं जन्मली, आणि दिसलं की आपली बाळं वजनाने कमी पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. ती मुलं मोठी होईपर्यंत टीमने त्यांचा पाठपुरावा केला. आपल्या गोव्यातला एक अभ्यास २००३ ला छापून आला, त्यात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी ज्या आयांना डिप्रेशन होतं त्यांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात आणि लांबीत मागे पडलेली दिसली. सहा महिनेच पाठपुरावा केला, तरी केवढी गोष्ट कळली.

आता खरं काम. लोक प्रश्नावलीवर महिनाभर भांडतात, पण माझं मत विचाराल तर स्टडी मरतो तो माणसं हरवल्यामुळे. हिशोब करा, दर फेरीला दहा टक्के गळाले तर दहा फेऱ्यांनंतर १०० पैकी ३५ उरतात. वर गळतात ते कोण, जे आजारी पडले, ज्यांचं घर मोडलं, जे पिऊन पडतात, नोकरीसाठी गेले. म्हणजे उरलेल्यांवरून गाव एकदम ठणठणीत दिसणार! न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ ला जन्मलेली १,०३७ मुलं घेतली होती, ४५ व्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के परत आले, कारण जगात कुठेही असले तरी त्यांना तिकीट काढून बोलावतात. ब्रिटनमध्ये १९४६ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ जणांचा अभ्यास अजून चालू आहे, त्यांना दरवर्षी वाढदिवसाचं कार्ड जातं. आपल्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत, पण वाढदिवसाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फुकट आहे.

म्हणून रजिस्टर नीट बनवा. प्रत्येकाला एक नंबर, आणि ओळख त्या नंबरावरच, नावावर नाही, कारण आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनावच काय, कधीकधी नावसुद्धा बदलतं आणि मग सासरी गेलेली तीच मुलगी तुम्हाला नवीन बाई वाटते. पानावर माहेरचं नाव, सासरचं नाव, घराला लोक काय म्हणतात ते (घर नंबर कोणाला पाठ नसतो), स्वतःचा फोन, आणि वेगळ्या घरात राहणाऱ्या दोन नातेवाईकांचे फोन. बोटीवर किंवा गल्फला जाणारा असेल तर परत कधी येतो तो महिना. शिवाय प्रत्येक वाड्यावर सगळ्यांची खबर ठेवणारं कोणीतरी असतंच, बहुतेक आंगणवाडीची बाई नाहीतर गाडेवाला, त्यांच्याशी गोडीने राहा, पण कोणाच्या तब्येतीची माहिती त्यांना द्यायची नाही, फक्त माणूस कुठे आहे एवढंच विचारायचं.

फेरी कधी? चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बाहेरगावचे सगळे घरी येतात म्हणून माणसं गाठायला तो सोन्यासारखा काळ, पण वजन-शुगर तेव्हा घेऊ नका, नेवऱ्या-लाडवांनंतरचा आकडा काय कामाचा. चवथीला फोन नंबर अपडेट करा, मोजमापं दर वेळी ठरलेल्या एकाच महिन्यात. जे चवथीपुरतेच येतात त्यांचं मात्र दर वेळी चवथीलाच मोजा आणि पानावर तसं लिहा. वजनकाटा आणि बीपीचं मशीन शक्यतो तेच, बदललंच तर काही जणांचं दोन्हींवर मोजून फरक लिहून ठेवा. प्रश्नांचे शब्दही बदलायचे नाहीत, पहिल्या फेरीत "गेल्या महिन्यात किती वेळा दारू प्यालात" विचारलं आणि दुसऱ्यात "दारू पिता का", तर दोन उत्तरं जुळवायची कशी? आणि हा प्रश्न सासूसमोर कधीच नाही, सून काय आणि मुलगा काय, सगळे एका मिनिटात निर्व्यसनी होतात. "काकी, जरा पाणी मिळेल का" म्हणून वेळ काढा नाहीतर माणसाला घेऊन गोठ्याकडे जा.

सुरुवात १०० - १५० लोकांवर करा, जास्त झेपत नाही. त्याआधी कॉलेजच्या किंवा संस्थेच्या एथिक्स कमिटीची (अभ्यासात लोकांना त्रास होणार नाही ना ते बघणारी समिती) परवानगी आणि प्रत्येकाची लेखी संमती. आयसीएमआर ह्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं, नुसती आईची सही चालत नाही, आणि मूल अठराचं झालं की संमती परत नव्याने. नावाचं रजिस्टर आणि आरोग्याचे आकडे वेगवेगळ्या फाइलीत ठेवा, दोन्हींना जोडणारा फक्त तो नंबर. बीपी फार वाढलेलं दिसलं तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पीएचसीला पाठवा, पुढच्या फेरीची वाट बघत बसू नका.