सरस वापरायला शिकताना

दुरुस्तीला आलेली जुनी खुर्ची हातात घेतली की मी आधी तिचा सुटलेला जोड बघतो. ओलं बोट जुन्या थरावर घासायचं. तपकिरी, काचेसारखा ठिसूळ थर थोड्या वेळात चिकट लागू लागला, तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून बनणारा जुन्या पद्धतीचा गोंद. पांढरा गम असला तर तो ओला झाल्यावर दुधाळ होतो, रबरासारखा लागतो. सरस निघाला की मला मनापासून आनंद होतो. असा जोड लाकूड न तोडता उघडता येतो आणि पुन्हा तितकाच पक्का लावता येतो. पांढऱ्या गमाच्या जोडात गम लाकडात मुरून बसलेला असतो. तो खरवडून काढला नाही, तर त्यावर नवीन काही नीट धरत नाही, आणि खरवडताना थोडं लाकूडही जातंच. फर्निचर दुरुस्ती शिकायची असेल, तर सरस आधी शिका असं मी सांगतो ते याच कारणासाठी.

सरस जनावरांच्या कातड्यातल्या कोलॅजन या प्रथिनापासून बनतो आणि कोरड्या दाण्यांच्या रूपात मिळतो. पिशवीवर 'ग्रॅम स्ट्रेंथ'चा आकडा असतो. आकडा मोठा, तितका सरस ताकदवान आणि तितकाच लवकर गोठणारा. फर्निचरच्या बहुतेक कामांना 192 चा पुरतो आणि नवख्याने त्यापासूनच सुरुवात करावी. 251 चा सरस हाताला वेग आल्यावर घ्या.

दाणे वजनाने एक भाग, थंड पाणी साधारण पावणेदोन ते दोन भाग. दाणे फुगून मऊ होईपर्यंत भिजू द्यायचे, रात्रभर ठेवले तर उत्तम. मग भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून सरस 60 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचा. थेट आचेवर कधीही ठेवायचा नाही. तापमान 70 च्या वर रेंगाळलं की प्रथिनांच्या साखळ्या तुटायला लागतात, आणि उकळलेला सरस दिसायला ठीक असला तरी जोडाला धरत नाही. अंदाजावर न जाता थर्मामीटर वापरा. ब्रश उचलल्यावर सरसाची अखंड धार पडायला हवी. गोळे पडले तर पाणी कमी आहे, पाण्यासारखे थेंब पडले तर जास्त.

खरी कसोटी यापुढे आहे. साधारण 35 अंशांच्या खाली आला की सरस गोठायला लागतो. थंड लाकडावर लावलात, तर मिनिटभरही हातात नसतं. म्हणून सरसाच्या कामात निम्मं काम ब्रश उचलण्याआधीच झालेलं असतं. जोड कोरडा बसवून पाहायचा, क्लॅम्प, म्हणजे जोड दाबून धरणारे शिकंजे, मापाला उघडून हाताशी ठेवायचे, कोणता तुकडा आधी आणि कोणता नंतर ते ठरवायचं, आणि दोन्ही लाकडं हेअर ड्रायरने कोमट करायची. मगच दोन्ही बाजूंना सरस लावून जोड एका दमात बंद करायचा. मध्येच गोठला तर क्लॅम्प आवळून काही साधत नाही. सोडवा, गरम पाण्याने पुसा, लाकूड पुन्हा कोमट करून नव्याने लावा. खूप जोड एकदम लावायचे असतील, तर कोरड्या दाण्यांच्या वजनाच्या 10 ते 20 टक्के युरिया मिसळतात. त्याने वेळ वाढतो, ताकद थोडी उतरते. नवख्याला मी त्यापेक्षा काम टप्प्याटप्प्याने करायला सांगतो.

सरावाला सर्वांत चांगला प्रकार म्हणजे घासून लावायचा जोड. दोन फळ्यांच्या कडा रंध्याने अगदी सरळ करा, सरस लावा आणि एक कड दुसरीवर मागेपुढे घासा. जास्तीचा सरस बाहेर येतो, हवा निघून जाते आणि काही क्षणांत फळी हाताला जड लागायला लागते. तिथे थांबायचं, आणि मग हलवायचं नाही. क्लॅम्प लागत नाही. वाळताना सरस आकसतो आणि दोन्ही कडांना आत ओढतो. ही ओढ इतकी जबरदस्त असते की काचेवर जाड थर वाळवला, तर तो काचेचे पापुद्रे उचकटून काढतो. एका प्रकारची नक्षीदार काच याच पद्धतीने करतात.

मर्यादाही पक्क्या लक्षात ठेवा. पाणी, सततची ओल आणि जास्त उष्णता सरसाला सोसत नाही, त्यामुळे उघड्यावरच्या फर्निचरला तो लावू नये. तो फट भरून काढत नाही. खुर्चीचा पाय खाचेत ढिला बसत असेल, तर आधी लाकडाची पातळ पट्टी लावून माप जुळवा.

जुना जोड उघडताना सिरिंजने कोमट पाणी आत सोडून वाट बघायची. स्पिरिटनेही जोड सुटतो, कारण ते सरसातलं पाणी शोषून घेतं आणि तो ठिसूळ होऊन तडकतो. पण लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिटने तेही विरघळेल, तिथे जपून. उघडलेल्या जोडातली धूळ आणि मेण मात्र पूर्ण काढा. स्वच्छ जुना सरस थोडा राहिला तरी चालतो, नव्या गरम सरसात तो मिसळून जातो.

उरलेला सरस फ्रीजमध्ये काही दिवस टिकतो. पुन्हापुन्हा तापवला की कमजोर होतो, आणि कुजका वास आला की टाकूनच द्या.

सरावाचे जोड पूर्ण वाळले की मुद्दाम मोडून बघा. फळीचे तंतू उखडून आले, तर सरस आणि तुमचा वेग दोन्ही बरोबर होते. गुळगुळीत, चकचकीत थर सुटून आला, तर जोड बंद होण्याआधीच सरस गोठला होता. पुढच्या वेळी लाकूड जास्त कोमट करा.