विमानतळावर मदत मागावी का? ऑटिस्टिक प्रवाशाने हे कसं ठरवावं

'मला मदतीची गरज आहे का?' असं स्वतःला विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: 'नाही, जमेल की.' आणि जमतंही. फक्त मुक्कामी पोचेपर्यंत तोंडातून शब्द फुटत नाही आणि ज्या लग्नासाठी गेलो, ते खोलीत पडदे ओढून काढावं लागतं. मी स्वतः ऑटिस्टिक आहे. दोनदा असं झाल्यावर पद्धत बदलली.

१. प्रवासाचे तुकडे पाडा. प्रवेशद्वार, सामानाचा काउंटर, सुरक्षा तपासणी, गेटवरची वाट, बोर्डिंग, विमानाकडे नेणारी बस. कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे 'इथे काय बिघडतं' ते लिहा. माझ्या यादीत एकच ठिकाण लाल आहे: सुरक्षा तपासणी. लॅपटॉप, चार्जर, घड्याळ काढेपर्यंत मागच्याचा ट्रे कोपराला लागतो, हेडफोनही उतरवावे लागतात आणि मग चौथऱ्यावर हात पसरून उभं राहायचं. यंत्र कुईं करतं आणि नेमक्या त्याच वेळी खांद्यावर अनोळखी तळवा पडतो.

२. मदत त्या तुकड्याला लागू पडते का, ते पाहा. मदत मागितली तरी तपासणी चुकत नाही. पण सोबत मदतीसाठी कर्मचारी असतो, रांगेतली ताटकळ बहुधा कमी होते, विमानात आधी बसता येतं. त्रास फक्त गोंगाटाचा असेल, तर हेडफोन आणि कमी गर्दीच्या वेळेचं विमान पुरेल. गेट ऐनवेळी बदललं की गडबडत असाल, तर मात्र मदत मागा. मुंबईसारख्या 'सायलेंट' विमानतळावर बोर्डिंगसाठी सहसा पुकारा होत नाही, स्क्रीनवरच लक्ष ठेवावं लागतं.

३. मागायचं ठरलं, तर निदान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा. आणि नेमकं काय हवं ते सांगा. नुसतं 'असिस्टन्स' म्हटलं की व्हीलचेअर येते. माझ्यासमोर आली होती.

"बसा ना, सर."

"मला चालता येतं."

"मग असिस्टन्स कशाला?"

त्या मुलाची चूक नव्हती, नोंदच तशी झाली होती. बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्वासाठी 'डीपीएनए' हा वेगळा कोड आहे. फोनवर तोच टाकायला सांगा. शिवाय खिशात चिठ्ठी ठेवा: 'मी ऑटिस्टिक आहे. मला चालता येतं. हात लावण्याआधी सांगा.' बोलणं बंद पडलं की ती पुढे करायची.

४. कागदपत्रांवरून अडू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता (ऑटिझम) आहे आणि दिव्यांगांना ही मदत मोफत असते. केवळ विमानतळावरच्या मदतीसाठी डॉक्टरांच्या फिटनेस दाखल्याचा आग्रह धरू नये, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगतो. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) असेल तर फोनमध्ये ठेवा, वाद मिटतो.

५. सूर्यफुलांची पट्टी. वरून न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून गळ्यात घालायची ही हिरवी पट्टी २०१६मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. बेंगळुरू आणि दिल्लीतही मिळते. तिने रांग चुकेलच असं नाही. 'याला जरा वेळ द्या' एवढंच ती सांगते, पण कधी कधी तेवढंच हवं असतं. अनोळखी लोकांना कळलेलं नको असेल, तर घालू नका.

अजूनही मन होत नसेल, तर नोंद करून ठेवा. त्या दिवशी काउंटरवर 'आज नको' म्हणता येतं; आयत्या वेळी माणूस मिळणं कठीण. मी ताईबरोबर असलो की मागत नाही, एकटा असलो की मागतो. परतीच्या तिकिटावर नोंद झाली आहे ना, तेही फोन ठेवण्याआधीच विचारून घ्या.