गॅस फायरप्लेस बसवताना या चुका टाळा: आधी हवेची वाट, मग ज्योतीची शोभा

शोरूममध्ये पेटलेली फायरप्लेस दिसली की नजर ज्योतीवरच खिळते. मग रुंदी किती, चौकट कुठल्या दगडाची, रिमोट मिळतो का, असं सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो: या ज्योतीला हवा कुठून मिळणार आणि जळून झालेला वायू कुठून बाहेर पडणार? पायलट (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) सारखा विझतो, काच काळी पडते, खोलीत बसलं की डोकं जड होतं, अशा तक्रारींचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण याच प्रश्नापाशी येऊन पोचतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रकार न समजता मॉडेल पसंत करणं

ढोबळमानानं तीन प्रकार आहेत. पहिला सीलबंद, म्हणजे डायरेक्ट व्हेंट. याला पुढून पक्की काच असते आणि मागून किंवा वरून एकात एक बसवलेल्या दोन नळ्या निघतात. आतल्या नळीतून जळलेला वायू बाहेर जातो, बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते. खोलीतल्या हवेला ही ज्योत हातच लावत नाही. नळी बाहेरच्या भिंतीतून आडवी नेता येते, त्यामुळे घराला चिमणी नसली तरी चालतं. दुसरा प्रकार नैसर्गिक ओढीचा. तो खोलीतली हवा वापरतो आणि गरम वायू हलका होऊन चिमणीतून वर जाईल या भरवशावर चालतो. तिसरा व्हेंट-फ्री, ज्याला नळीच नसते.

व्हेंट-फ्री विकताना सांगतात की सगळी उष्णता घरातच राहते. ते खरं आहे, पण उष्णतेबरोबर बाकीचंही सगळं घरातच राहतं. नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याचा एक रेणू जळला की पाण्याचे दोन रेणू तयार होतात. एक घनमीटर नैसर्गिक गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं एकक, इथे दर तासाला) व्हेंट-फ्री फायरप्लेस तासाला लिटरभराहून जास्त पाणी खोलीत सोडते. थंडीत चार तास पेटवा आणि सकाळी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून बघा. पुढच्या महिन्यात कपाटामागची भिंत काळी पडू लागते ती याच पाण्यानं. या प्रकारात ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारा सेन्सर असतो. हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की तो गॅस बंद करतो. तो कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, हे लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरांमध्ये असल्या हीटरना परवानगीच नाही. माझं मत विचाराल तर राहत्या घरासाठी सीलबंद प्रकारच घ्यावा, आणि झोपायच्या खोलीत तर दुसरा विचारही करू नये.

लाकडं जाळायची जुनी चिमणी असेल, तर तिच्यातच गॅसचे कृत्रिम ओंडके ठेवून भागवायचा मोह होतो. त्याआधी चिमणी आतून साफ करून तपासून घ्या. लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर आणि पक्ष्यांची घरटी तिथे वर्षानुवर्षं साचलेली असतात. शिवाय डॅम्परला, म्हणजे चिमणीच्या झडपेला, ती पूर्ण मिटणारच नाही अशी क्लिप पक्की बसवून घ्या. वापर झाला की झडप लावून टाकायची ही लाकडाच्या काळातली सवय गॅसच्या बाबतीत जिवावर बेतते. दुसऱ्या दिवशी घरातलं दुसरंच कुणी झडपेकडे न बघता बटण दाबतं.

नैसर्गिक ओढीच्या फायरप्लेसला आणखी एक धोका असतो. स्वयंपाकघरातला जोरकस एक्झॉस्ट फॅन सुरू झाला की घरात हवा कमी पडते आणि चिमणीतलीच हवा उलटी खाली ओढली जाते. हे तपासणं सोपं आहे. फायरप्लेस पेटवा, दहा मिनिटं जाऊ द्या, दारं-खिडक्या लावा, हवा बाहेर फेकणारे सगळे पंखे चालू करा आणि फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या कडेशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीकडे परतला तर लगेच बंद करून खिडक्या उघडा, आणि फिटरनं येऊन बघेपर्यंत पुन्हा पेटवू नका.

जास्त बीटीयू म्हणजे जास्त चांगलं, हा समज

एक किलोवॅट म्हणजे सुमारे ३,४१२ बीटीयू प्रतितास. मध्यम आकाराच्या, बऱ्यापैकी बंदिस्त खोलीत मोठी फायरप्लेस बसवली की पंधरा मिनिटांत उकडायला लागतं, मग ती बंद करायची, गारठलं की पुन्हा पेटवायची. ज्या ज्योतीसाठी एवढा खटाटोप केला ती बघायलाच मिळत नाही. खोलीचं माप, छताची उंची, खिडक्या किती, भिंतीला इन्सुलेशन आहे का, हे सगळं सांगून हिशेब करून घ्या. पत्रकावर छापलेला मोठा आकडा बहुधा आत जाणाऱ्या गॅसचा असतो. खोलीत प्रत्यक्ष किती उष्णता येते, आणि ज्योत कमीत कमी किती बारीक करता येते, हेही विचारा.

गॅस कोणता, हे गृहीत धरणं

पाइपनं येणारा नैसर्गिक गॅस आणि सिलिंडरमधला एलपीजी यांची बर्नरमध्ये अदलाबदल होत नाही. तेवढ्याच आकारमानात एलपीजीमध्ये अडीच पट किंवा त्याहून जास्त ऊर्जा असते, दाबही वेगळा असतो, म्हणून त्याचा जेट, म्हणजे गॅस सोडणारी तोटी, बारीक भोकाचा असतो. नैसर्गिक गॅसचा जेट तसाच ठेवून एलपीजी जोडला तर ज्योत काचेच्या वरच्या कडेपर्यंत उसळते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. उलटं झालं तर मरतुकडी ज्योत मिळते आणि खोली तापतच नाही.

फायरप्लेस घरी आली की भिंतीत सरकवण्याआधी टॉर्च घेऊन खाली बसा. खालच्या पट्टीमागे एक धातूची पाटी किंवा स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार लिहिलेला असतो, तो स्वतः वाचा. प्रकार बदलायचा असेल तर कंपनीचाच कन्व्हर्जन संच लागतो. त्यात बर्नरचा जेट, पायलटचा जेट आणि रेग्युलेटरचा बदल असे भाग येतात. नुसता जेट बदलून काम झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो हे विसरू नका. गळती झाली तर तो जमिनीलगत, तळघरात, खड्ड्यात साचतो.

दगड लावायच्या उत्साहात अंतर खाणं

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती या चुकीची, कारण भिंत पूर्ण झाली की ती दिसत नाही. फायरप्लेसच्या पेटीवर वरच्या बाजूला पत्र्याचे छोटे उभे तुकडे असतात. लाकडी सांगाडा पेटीपासून दूर राहावा म्हणून ते दिलेले असतात. दगड किंवा फरशी सपाट यावी म्हणून ते वाकवून आत दाबलेले मी पाहिले आहेत. लाकूड लगेच पेटत नाही. वर्षानुवर्षं तापत राहिल्यानं ते आतून सुकतं, करपतं आणि पहिल्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला पेट घेण्याच्या अवस्थेला येतं. पहिले तीन हिवाळे काही झालं नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. माहितीपुस्तिकेत दिलेलं अंतर इंचाइंचानं पाळा, आणि जिथे न जळणारा थर सांगितला असेल तिथे जिप्सम बोर्डाऐवजी सिमेंट बोर्ड लावा. जिप्सम बोर्डावरचा कागद जळतो.

गवंड्याला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. काचेची चौकट काढता येईल एवढी जागा सुटली पाहिजे, कारण दरवर्षी ती काढावी लागणार आहे. दगडाची कड चौकटीवर चढली तर पुढे दगड फोडण्यावाचून पर्याय राहत नाही. आणि पेटीच्या खालच्या-वरच्या जाळ्या झाकायच्या नाहीत. खोलीतली हवा तिथून आत जाते आणि गरम होऊन बाहेर येते.

वर टीव्ही लावायचा विचार असेल तर आधी फायरप्लेस दोन-तीन तास पूर्ण पेटवून त्या जागी थर्मामीटर चिकटवून ठेवा. बहुतेक टीव्हींना ४० अंश सेल्सिअसपर्यंतचंच वातावरण चालतं. आकडा त्याच्या वर गेला तर टीव्हीला दुसरी भिंत शोधा.

नळ्या आणि जोड

व्हेंटच्या नळीत प्रत्येक वळण ओढ कमी करतं. उभी नळी किती, आडवी किती, वळणं किती, याचा तक्ता पुस्तिकेत असतो. भिंत कुठे फोडायची हे त्या तक्त्यावरून ठरवा. एका कंपनीची नळी आणि दुसऱ्या कंपनीचं टोपण जोडू नका, दिसायला बसलं तरी सांधे सील होत नाहीत. नळीचं बाहेरचं तोंड खिडकी, दार किंवा हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ नको. दोन भिंतींच्या आतल्या कोपऱ्यात तर अजिबात नको, तिथे वारा घुमतो आणि पायलट विझतो. बर्फ पडत असेल तर तोंड बर्फात गाडलं जाणार नाही एवढ्या उंचीवर हवं.

गॅसचा पाइप किती जाड लागेल हे लांबीवर आणि घरातल्या बाकी उपकरणांवर ठरतं. गीझर सुरू होताच फायरप्लेसची ज्योत खाली बसत असेल तर पाइप अपुरा पडतोय असं समजा. बंद करायचा कॉक त्याच खोलीत, हात पोचेल असा हवा. लवचिक नळी भिंतीतून आरपार नेऊ नये. जोड झाला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते समोर उभं राहून बघा. काडी ओढून गळती शोधणारा माणूस दिसला तर त्याचं काम तिथेच थांबवा. हे सगळं परवानाधारक गॅस फिटरचं काम आहे, घरी करून बघायचं नव्हे.

पेटवल्यावर येणाऱ्या अडचणी

पहिल्यांदा पेटवलं की रंगाचा आणि तेलाचा उग्र वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून तीन-चार तास जळू द्या. नंतर काच पूर्ण गार झाल्यावर पुसा. तिच्यावर धुरकट पांढरा थर आलेला असेल, तो तसाच पुन्हा तापला तर कायमचा बसतो. अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका. आणि गार म्हणजे खरंच गार. जळताना ही काच २०० अंशांच्या वर जाऊ शकते आणि बंद केल्यावरही बराच वेळ भाजते. घरात रांगतं मूल असेल तर काचेपुढची जाळी लावलेलीच ठेवा.

पायलट पेटतो, पण बटण सोडलं की विझतो, ही तक्रार फार ऐकू येते. नीट वाकून बघा. पायलटच्या ज्योतीत एक पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक दांडी उभी असते, ती थर्मोकपल. ती तापली की जेमतेम २५-३० मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत निळी, ताठ आणि दांडीच्या टोकाला वेढणारी हवी. ती पिवळी, लोंबणारी असेल तर पायलटच्या भोकात धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकलेलं असतं. उन्हाळाभर बंद असलेल्या फायरप्लेसमध्ये हे नेहमीचंच. ज्योत चांगली असूनही विझत असेल तर बटण मिनिटभर दाबून बघा, तरीही जमलं नाही तर थर्मोकपल बदलायची वेळ आली आहे.

पायलट ठीक आहे पण मुख्य बर्नर पेटत नाही, असं असेल तर भिंतीवरच्या स्विचकडे बघा. काही मॉडेलमध्ये हा स्विच थर्मोपाइलच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक थर्मोकपलच्या, अर्ध्या-पाऊण व्होल्टवर चालतो. लांब, बारीक तारेत एवढीशी वीज वाटेतच संपते. अशा स्विचला घरातली मुख्य वीज जोडली तर व्हॉल्व्ह जळतो, तेव्हा इलेक्ट्रिशियनला आधी सांगा.

काचेवर काळी काजळी येत असेल तर आधी ओंडके बघा. कुणीतरी ते साफ करताना काढले आणि छान दिसतील असे परत मांडले, असं बहुतेक वेळा घडतं. ओंडक्यांची जागा खिळ्यांवर आणि खाचांवर नेमकी ठरलेली असते. ज्योत ओंडक्यावर आपटली की तिथे थंड पडते, गॅस अर्धवट जळतो आणि उरलेला कार्बन काजळी होऊन काचेवर बसतो. निखाऱ्यांसाठी दिलेला तंतुमय कापूसही बर्नरच्या भोकांवर दाबून भरू नये, चिमूटभर पुरतो. ओंडके जागेवर असूनही काजळी धरत असेल तर बर्नरला हवा देणारी झडप किंवा व्हेंटचा मार्ग फिटरकडून तपासून घ्या.

बटण दाबल्यावर काही सेकंद काहीच नाही आणि मग भप्प आवाज होऊन पेटतं, ही खूण दिसली की वापर त्याच क्षणी थांबवा. गॅस आत साचून मग पेटतोय, आणि अशा धक्क्यानं काच फुटू शकते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. झोपायच्या खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा अलार्म लावा. खोलीत सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय, तर अलार्म वाजायची वाट न बघता सगळ्यांना बाहेर काढा आणि तिथूनच आपत्कालीन मदतीला फोन करा.

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, फिटरकडून बर्नर, पायलट, काचेचं गॅस्केट (कडेची सीलची पट्टी) आणि व्हेंटचं बाहेरचं तोंड तपासून घ्या. त्याला ओंडक्यांच्या मांडणीचं चित्र लागेल. ते पुस्तिकेत असतं आणि पुस्तिका नेमकी तेव्हाच सापडत नाही. म्हणून त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पुस्तिका घरच्या महत्त्वाच्या कागदांच्या फायलीत लावून टाका.