निवृत्ती जवळ आली? या चुका टाळा: घाई करायची तिथे चालढकल, आणि थांबायचं तिथे घाई

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत मी पगार आणि हिशेबाचं काम केलं. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचा फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, माझ्या टेबलावरून जायचा. नंतर हीच मंडळी कधी ठाण्यातल्या उपवन तलावाकाठी फिरताना, कधी वाशीच्या भाजी मंडईत भेटत राहिली. त्यांच्याकडे बघून एक गोष्ट पक्की झाली. ज्या कामांना मुदत असते ती रेंगाळतात आणि ज्यांना काहीच मुदत नसते ती पहिल्या चार महिन्यांत उरकून टाकली जातात. मेडिक्लेम राहून जातो, पण राहतं घर विकून होतं.

साहेबावर रागावून तारीख ठरवणं

सरकारी नोकरीत तारीख ठरलेलीच असते. राज्य शासनात 58 (चतुर्थ श्रेणीला 60), केंद्रात 60. खाजगीत कंपनीच्या नियमाप्रमाणे 58 किंवा 60. खरा प्रश्न पडतो तो व्हीआरएसचं (स्वेच्छानिवृत्तीचं) पत्र हातात आल्यावर, किंवा नवा साहेब वयाने पंधरा वर्षांनी लहान आल्यावर. ‘आता पुरे झालं’ हे कारण खोटं नसतं, पण त्याने महिन्याचा किराणा येत नाही.

व्हीआरएसची एकरकमी रक्कम मोठी दिसते, म्हणून पीएफच्या पेन्शनकडे कुणी नीट बघत नाही. तिचा हिशेब सरळ आहे: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगाराची मर्यादा 15,000. म्हणजे 35 वर्षं धरली तरी महिन्याला 7,500 रुपये. त्यातही सप्टेंबर 2014 पूर्वीची वर्षं जुन्या 6,500 च्या मर्यादेने मोजतात, त्यामुळे हातात त्याहून कमीच पडतं. ज्यांनी जादा पगारावर पेन्शनचा पर्याय घेतला, त्यांचं गणित वेगळं. ही पेन्शन 58 ला सुरू होते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांची दर वर्षामागे 4 टक्के कपात होते आणि ती पुढे कधी भरून निघत नाही. उलट, गरज नसेल तर 60 पर्यंत थांबलात की वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. कंपनी 60 पर्यंत ठेवणार असेल तर हा पर्याय निदान कागदावर मांडून बघावा. पगार चालू असतानाही 58 नंतर पेन्शन घेता येते, हे तर कित्येकांच्या गावीही नसतं.

सरकारी पेन्शनरांचा घोळ वेगळा. 40 टक्के पेन्शन विकून एकरकमी पैसे घेतले जातात, आणि घरखर्चाचा अंदाज मात्र पूर्ण पेन्शनवर बांधलेला असतो. कापलेला हिस्सा पुन्हा सुरू व्हायला 15 वर्षं लागतात.

शेवटचे सहा महिने, निवृत्तीनंतर येणार तेवढ्याच रकमेत घर चालवून बघा. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, मेडिक्लेमचा हप्ता, गावच्या देवाची वर्गणी हे वर्षाकाठचे खर्च बारा भाग करून धरा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी तर मेंटेनन्सपासूनच सुरुवात करावी.

ज्याची मुदत निघून जाते, ते मागे टाकणं

पहिला नंबर मेडिक्लेमचा. कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरीबरोबर संपतं, आणि तोवर बीपी-शुगरच्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. नवी पॉलिसी 65 नंतरही मिळते, वयाची अट 2024 मध्ये निघाली. पण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती तीन वर्षं नोकरीत असतानाच संपवायची, म्हणजे चोपन्न-पंचावन्नला स्वतःची पॉलिसी घ्यायची. उशीर झालाच असेल तर निवृत्तीच्या काही आठवडे आधी ग्रुप पॉलिसीवाल्या विमा कंपनीकडेच वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करा. जुनी वर्षं धरली जातील का, हे लेखी विचारा. घरात कुणी सत्तरीपुढचं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. पाच लाखांपर्यंतच्या त्या कव्हरला उत्पन्नाची अट नाही.

दुसरी मुदत पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची. वय 60 पूर्ण असेल तर कधीही खातं उघडता येतं. पण 58 ला निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांतच ते उघडावं लागतं, आणि त्यात तेच पैसे भरता येतात. मर्यादा 30 लाख. 8.2 टक्क्यांनी तीस लाखांचे तिमाहीला 61,500 रुपये येतात. पेन्शन नसलेल्या घराला हा मोठा आधार आहे. मुदत हुकली, तर साठीपर्यंत पैसे बँकेच्या एफडीत किंवा पोस्टाच्या मासिक योजनेत ठेवा. मासिक योजनेला वयाची अट नाही. एकट्याच्या नावावर 9 लाख, दोघांच्या मिळून 15 लाख चालतात. साठीला मग ज्येष्ठ नागरिक योजनेत वळवा.

तिसरं, नावातल्या चुका. पीएफला ‘विठ्ठल’ एका स्पेलिंगने, आधारला दुसऱ्याने, जन्मतारखेत एका महिन्याचा फरक. यावरून पेन्शनचा अर्ज परत येतो. दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लरेशनला (तुमचा आणि कंपनीचा मिळून अर्ज) बहुतेकदा कंपनीची संमती लागते, आणि तुम्ही नोकरीत असताना ती एका चहावर मिळते. दोन वर्षांनी गेलात तर एचआरमध्ये तुम्हाला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं. कंपनीच बंद पडली, तर थेट पीएफ कार्यालयाच्या चकरा. निदान निवृत्तीआधीच्या वर्षी तरी पासबुक उघडून नाव, जन्मतारीख, नॉमिनी आणि आधीच्या नोकरीतलं खातं जोडलंय का, एवढं बघाच.

फ्लॅट विकून गावी जाणं

आता घाईच्या गोष्टी. यातली ही सगळ्यात महागडी, म्हणून जरा सविस्तर.

ठाण्याच्या नौपाड्यातला वन बीएचके विकायचा, कोकणात घर बांधायचं, उरलेले बँकेत. कागदावर हे गणित इतकं सुंदर जुळतं की शंका घेणाराच वेडा ठरतो. पण आपल्याला माहीत असलेलं कोकण बहुतेक मे महिन्यातलं आणि गणपतीतलं असतं. जुलैत वीज जाते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येते, पायवाट शेवाळाने निसरडी होते, आणि गुडघा दुखतोय म्हणून तालुक्याला जायचं तर एसटीची वेळ बघून निघावं लागतं. हृदयाचा किंवा किडनीचा तज्ज्ञ हवा असेल तर चिपळूण नाहीतर रत्नागिरी, आणि मोठं काही असलं की पुन्हा मुंबईच. त्यात सातबाऱ्यावर चार चुलत भावांची नावं. घर बांधून झाल्यावर वाटपाचा विषय निघतो, कारण तोवर कुणालाच त्यात रस नसतो.

तीन-चार वर्षांनी परत यावंसं वाटलं तर त्या पैशात नौपाडा सोडाच, कळव्यातही घर मिळत नाही. मग मुलाच्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये गादी.

गावी जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. उत्तम राहणारी माणसं मी पाहिली आहेत, बहुतेक सगळी आधीपासून वर्षातून तीन-चारदा जाऊन शेजार राखून असलेली. फ्लॅट विकण्याऐवजी अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर भाड्याने द्या आणि गावात एक आख्खा पावसाळा काढा, जून ते सप्टेंबर, मध्ये ठाण्याला न येता. त्यानंतरही दोघांनाही (दोघांनाही!) राहावंसं वाटलं तर विकायला कुणी अडवलेलं नाही.

मुलाच्या घरासाठी पीएफमधून पैसे काढून देणं हे याचंच धाकटं भावंड. द्यायचेच असतील तर वर्षभराने द्या. आपला खर्च किती, हे तोवर कळलेलं असतं.

घरात बसून घर सुधारणं

वाशीच्या सिडकोच्या घरातला एक प्रसंग. गृहस्थ स्टोअर्स विभागातून निवृत्त झालेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उतरवले, पुसले, लेबलं लावली आणि वापराच्या क्रमाने परत लावले. फोडणीच्या डब्यात मोहरी मधल्या वाटीत असायची, ती त्यांनी कडेला नेली, कारण हळद जास्त लागते असा त्यांचा निष्कर्ष. वहिनींनी सवयीने मधल्या वाटीत हात घातला आणि तापलेल्या तेलात मोहरीऐवजी हळद गेली. “तुमचा गोडाऊन सुटला, माझा नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. पुढचे दोन दिवस जेवणात फोडणीच नव्हती.

बाईच्या दिवसाला तीस वर्षांचं वेळापत्रक असतं. दुपारी दोन ते चार तिची झोप, मालिका किंवा बहिणीचा फोन. त्या वेळात ‘चहा होतोय का’ विचारणारा माणूस रोज समोर असणं हा तिच्यासाठी नवा त्रास आहे. सोपा उपाय म्हणजे रोज एकदा ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, आणि घरातलं एक काम पूर्णपणे स्वतःकडे घेणं. भाजी आणायची तर निवडून फ्रीजमध्येही ठेवायची. कसं करतात ते एकदा विचारा, सुधारणा सुचवू नका.

निवृत्त होणारी बाईच असेल तर चूक उलट दिशेने होते. शाळा सुटते, स्वयंपाकघर सुटत नाही, शिवाय ऐरोलीहून नात सकाळी आठला येते ती रात्री आठला जाते. सुरुवातीलाच वेळ बोलून घ्या. आठवड्यात किती दिवस, किती ते किती, आणि सुट्टी कधी. सहा महिन्यांनी बोललं की ते भांडण वाटतं.

सोसायटीचं सेक्रेटरीपद

निवृत्तीची बातमी लिफ्टमधून पसरते. सप्टेंबरअखेरच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) कुणीतरी म्हणतं, “आता काकांना वेळच वेळ आहे.” टाळ्या पडतात. इमारत पुनर्विकासाला निघाली असेल तर हे पद म्हणजे बिल्डर, वकील, चाळीस सभासद आणि गळकी टाकी. पहिल्या वर्षी नाही म्हणा. फार आग्रह झाला तर हिशेब तपासून देईन म्हणा.

वेळ जात नाही ही तक्रार खरी असते, पण ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते. सेंड-ऑफनंतरचा पहिला महिना लग्नकार्यांत आणि राहिलेल्या गाठीभेटींत जातो. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे. नवी मुंबईत महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, नोडनोडमध्ये ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. एका कट्ट्यावर फक्त आजार आणि राजकारण चालत असेल तर दुसरा शोधा. दोन-तीन महिन्यांनंतरही सकाळी उठावंसं वाटत नसेल, जेवण तुटलं असेल, माणसं नकोशी झाली असतील, तर डॉक्टरांकडे जा. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइनही आहे.

पेन्शन सुरू झाल्यावर

सरकारी पेन्शनरांना हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. ऐंशीपुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. पीएफ पेन्शनवाल्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, बँकेच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात पडला की त्यावर जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते त्याच आठवड्यात बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या, त्यावर तुमची सही लागते.